कानात शिट्टी, डोक्यावर वीज!

बाहेर काहीही वाजत नाही आणि कानात मात्र वाजतंय. कुणाला शिट्टी, कुणाला रातकिडे, कुणाला कुकरची वाफ, कुणाला लांबच्या ट्रान्सफॉर्मरची गुणगुण. डॉक्टर याला टिनिटस म्हणतात, घरात ‘कान वाजतायत’ एवढंच. हमखास गुण येईल अशी गोळी नाही आणि सरसकट ऑपरेशनही नाही. म्हणून गेली दोनशेहून अधिक वर्षं माणसं एका भन्नाट कल्पनेच्या मागे आहेत. डोक्याला थोडीशी वीज लावून बघू या का? त्या विजेच्या आणि तिच्यापायी वेड्या झालेल्या माणसांच्या या गोष्टी. शेवटी थोडं पथ्यपाणीही आहे, ते चुकवू नका.

१. तुमच्या रांगेत ७४ कोटी माणसं

‘हे फक्त मलाच होतंय’ असं कान वाजणाऱ्या प्रत्येकाला वाटतं. २०२२ साली जगभरच्या पाहण्यांचा एकत्र हिशेब झाला, तेव्हा साधारण १४ टक्के प्रौढांना हा अनुभव असल्याचं दिसलं. म्हणजे ७४ कोटींहून जास्त माणसं. त्यातल्या बहुतेकांचं फारसं अडत नाही. पण सुमारे १२ कोटी लोकांना हा त्रास तीव्र स्वरूपात होतो. झोप उडते, चिडचिड वाढते, समोरचा काय बोलतोय याकडे लक्ष लागत नाही. अमेरिकेतल्या माजी सैनिकांना ज्या व्याधींसाठी भरपाई मिळते, त्यांत तर टिनिटसचा नंबर पहिला. तोफा थांबतात, कान थांबत नाहीत.

२. शांतता ऐकायला गेले आणि…

१९५३ साली हेलर आणि बर्गमन या दोघा अमेरिकन संशोधकांनी ऐकू नीट येणाऱ्या ८० धडधाकट लोकांना आवाजबंद खोलीत काही मिनिटं बसवलं आणि काय ऐकू येतंय ते सांगायला सांगितलं. खोलीत काहीच वाजत नव्हतं. तरी ९४ टक्के लोकांनी कसला ना कसला आवाज ऐकला! कुणाला गुणगुण, कुणाला घंटा, कुणाला सळसळ. थोडक्यात, कान प्रत्येकाचाच थोडाफार वाजतो. काहींच्या बाबतीत तो वाजणं सोडत नाही आणि मन त्याला सोडत नाही, तिथून दुखणं सुरू होतं.

३. सुश्रुतांची यादी, ल्यूथरचा सैतान

सुश्रुतसंहितेत कानाचे २८ रोग दिले आहेत आणि कर्णनाद त्यात अगदी वरच्या क्रमांकांत आहे. आवाजाचं वर्णनही कसं नेमकं! नुसतं ‘आवाज येतो’ म्हणून सोडून दिलेलं नाही, तर भेरी, मृदंग, शंख अशी वाद्यंच सांगितली आहेत. बासरीसारखा सूर येत असेल तर त्याचं नाव वेगळं, कर्णक्ष्वेड. दोष वाताचा आणि उपाय तेलाचा. तिकडे युरोपात सोळाव्या शतकातला धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर आपल्या कानातल्या कल्लोळाचं खापर थेट सैतानावर फोडून मोकळा झाला होता. आपल्याकडे निदान रोगाला रोग तरी म्हटलं.

४. गुन्हा कानात, गुन्हेगार मेंदूत

प्रत्येक आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या केसासारख्या पेशी जेमतेम पंधरा हजारांच्या आसपास. मोठ्या आवाजाने, वयाने किंवा काही औषधांनी त्या मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. ज्या पट्टीतल्या पेशी गेल्या, त्या पट्टीचा संदेश मेंदूकडे यायचा थांबतो. मग मेंदू काय करतो? स्टेशन नीट लागेना की आपण रेडिओचा आवाज वाढवतो आणि गाण्याऐवजी खरखर मोठी होते, तेच. म्हणूनच बहुतेकांच्या कानातला सूर नेमका त्यांना कमी ऐकू येणाऱ्या पट्टीच्या आसपास सापडतो.

याचा सगळ्यात धक्कादायक पुरावा ऑपरेशन थिएटरमधून आला. कानाच्या नसेवरची गाठ काढताना काही रुग्णांची ऐकण्याची नसच कापावी लागली. कान आणि मेंदू यांच्यातली तारच तुटली. तरीही अनेकांच्या ‘कानातला’ आवाज चालूच राहिला! पावेल यास्त्रेबॉफ या संशोधकाने १९९० साली टिनिटसला आभासी श्रवण म्हटलं, ते यामुळेच. हात कापला गेल्यावरही नसलेला हात दुखतो, त्याच जातकुळीतलं हे प्रकरण. आणि आवाज मेंदूत असेल तर इलाजही मेंदूवरच करायला हवा. विजेच्या उपचाराचा सगळा युक्तिवाद या एका वाक्यात आहे.

५. डोंगर पोखरला, उंदीर निघाला

‘डोक्यात विमान उतरतंय हो’ असं सांगणाऱ्या रुग्णाला यंत्रावर बसवतात आणि त्याच्या कानातल्या आवाजाशी जुळणारा आवाज शोधतात. गंमत अशी की तो बहुधा ऐकू येण्याच्या सीमारेषेच्या जेमतेम पाच-दहा डेसिबल वर निघतो. म्हणजे कुजबुजीहूनही हळू. मग रुग्ण खोटं बोलतो का? अजिबात नाही. त्रास आवाजाच्या मापावर ठरत नाही. मेंदूतली भीती, काळजी आणि लक्ष यांची केंद्रं त्या आवाजाला किती भाव देतात, त्यावर ठरतो. म्हणून विजेचे काही प्रयोग ऐकण्याच्या केंद्राला सोडून थेट कपाळामागच्या भागावर, भावनांना लगाम घालणाऱ्या केंद्रावर केले जातात.

६. जबडा आवळा, सूर बदला

कान वाजणाऱ्यांपैकी साधारण दोन-तृतीयांश लोकांना दात घट्ट आवळले, मान वळवली किंवा जबडा पुढे काढला की आवाज चढतो, उतरतो किंवा त्याचा सूरच बदलतो. मान आणि चेहऱ्याच्या नसा ऐकण्याच्या मार्गाला मेंदूच्या देठातच, अगदी खालच्या टप्प्यावर, भेटतात. हे नातं लक्षात ठेवा. पुढे जिभेवर वीज येणार आहे.

७. पहिलं यंत्र: जिवंत मासा

इसवी सन ४६ च्या सुमाराचा रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस डोकेदुखीवर एक उपाय सांगतो. टॉर्पेडो नावाचा विजेचा जिवंत मासा आणायचा आणि दुखऱ्या जागी ठेवायचा. जागा बधिर झाली की मासा उचलायचा. पायाच्या संधिवातावर तोच मासा पायाखाली, ओल्या किनाऱ्यावर उभं राहून. डोक्याला बाहेरून वीज लावण्याची ही सगळ्यात जुन्या नोंदींपैकी एक. बॅटरी यायला अजून साडेसतराशे वर्षं होती, पण माशाला चार्जिंग लागत नव्हतं.

८. व्होल्टाने स्वतःचेच कान जोडले

बॅटरीचा जनक अलेस्सांद्रो व्होल्टा. मार्च १८०० मध्ये त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला आपला शोध कळवणारं प्रसिद्ध पत्र लिहिलं. त्यात एक प्रयोग असा आहे की वाचणाऱ्याने कान झाकून घ्यावेत. पठ्ठ्याने दोन्ही कानांत धातूच्या सळया घातल्या आणि त्या तीस-चाळीस जोड्यांच्या बॅटरीला जोडल्या! डोक्यात एक हिसका बसला आणि मग घट्ट काहीतरी रटरटत शिजत असल्यासारखा आवाज येऊ लागला. मेंदूला अपाय होईल या भीतीने त्याने हा प्रयोग पुन्हा केला नाही. विजेने आवाज ‘ऐकवता’ येतो, हे मात्र कळून चुकलं. आज बहिऱ्या मुलांना ऐकवणाऱ्या कॉक्लिअर इम्प्लांटची वंशावळ सांगताना अभ्यासक या सळयांपर्यंत मागे जातात. आणि विजेने आवाज सुरू होत असेल तर बंदही होईल का, हा प्रश्न लगेच पुढे आला.

९. बीथोव्हेनने केलेली चौकशी

व्होल्टाच्या पत्रानंतर दुसऱ्याच वर्षी, १८०१ साली, बर्लिनच्या ग्रापेनगीसर या डॉक्टरने बॅटरीच्या विजेने रोग बरे करण्यावर पुस्तकच काढलं. त्यात बहिरेपण होतं आणि कानातले आवाजही.

त्याच वर्षी तिशीतला लुडविग व्हान बीथोव्हेन आपल्या बालमित्राला, डॉक्टर फ्रान्झ वेगेलरला, पत्र लिहून कळवत होता की कान रात्रंदिवस गुणगुणतात. नोव्हेंबरच्या पत्रात त्याने थेट विचारलं आहे की या विजेच्या उपचाराचे लोक फार गोडवे गातात, तुझं काय मत? बर्लिनमध्ये एका मूकबधिर मुलाला ऐकू येऊ लागल्याचं त्याच्या कानावर आलं होतं. व्हिएन्नातले डॉक्टर श्मिट असे प्रयोग करत असल्याचंही त्याला कळलं होतं. नव्या उपचाराची बातमी ऐकून डॉक्टर मित्राला ‘खरं आहे का रे?’ विचारणारे आपण, आणि सव्वादोनशे वर्षांपूर्वीचा बीथोव्हेन! फरक एवढाच की आपण व्हॉट्सॲपवर विचारतो.

१०. कानातला सूर थेट व्हायोलिनवर

चेक संगीतकार बेद्रिख स्मेटाना १८७४ साली बहिरा झाला. दोन वर्षांनी त्याने आपल्या आयुष्यावरची एक चौकडी रचली. दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो. शेवटच्या भागात नाचरं संगीत रंगात असताना ते अचानक थबकतं आणि पहिल्या व्हायोलिनवर एकच अतितार सूर टोचत राहतो. बहिरेपणाच्या सुरुवातीला आपल्या कानात वाजलेला सूर त्याने स्वरलिपीत उतरवला होता. टिनिटस बाकीच्यांनाही ऐकवणारा असा रुग्ण विरळाच.

११. भाच्याचे पराक्रम

बेडकाच्या पायावर विजेचे प्रयोग करणाऱ्या गॅल्व्हानीचा भाचा, जोव्हान्नी अल्दिनी. याने १८०१ साली विषण्णतेने ग्रासलेल्या २७ वर्षांच्या एका शेतमजुराच्या डोक्याला वीज लावली आणि तो सुधारल्याचं लिहून ठेवलं. आधी स्वतःवरही प्रयोग केला, त्यानंतर त्याची काही दिवस झोपच उडाली. पण त्याचं नाव गाजलं ते १८०३ मध्ये लंडनला, फाशी गेलेल्या कैद्याच्या मृतदेहाला वीज लावून त्याचा चेहरा आणि हात हलवून दाखवल्यामुळे. विजेचा उपचार आणि विजेचा तमाशा यांच्यातली रेघ तेव्हापासूनच पुसट आहे.

१२. शॉक नव्हे, जेमतेम २ मिलिअँपिअर

‘डोक्याला वीज’ म्हटलं की सिनेमातला शॉक डोळ्यांपुढे येतो. त्या शॉक ट्रीटमेंटची सुरुवात १९३८ मध्ये रोमला झाली. तिच्यात साधारण ८०० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह वापरतात, तोही पेशंटला भूल देऊन. टिनिटससाठी जी पद्धत बरीच तपासली गेली, तिचं नाव टीडीसीएस. कवटीवरून दिलेला सौम्य, एकाच दिशेने वाहणारा प्रवाह, तोही १ ते २ मिलिअँपिअर. म्हणजे शॉकचा फार तर चारशेवा हिस्सा. साधा इंडिकेटरचा छोटा एलईडी दिवा पूर्ण उजेडाने पेटायला साधारण २० मिलिअँपिअर घेतो. एवढ्याशा विजेत पेशंट जागा असतो, गप्पा मारतो, पुस्तक वाचतो.

१३. सामग्री: दोन स्पंज आणि मिठाचं पाणी

या उपचाराचं साहित्य पाहिलं तर विश्वास बसणार नाही. दोन रबरी इलेक्ट्रोड, त्यांवर मिठाच्या पाण्यात भिजवलेले स्पंज, डोक्याला पट्टा आणि एक छोटी पेटी. नेहमीचा स्पंज पाच बाय सात सेंटिमीटर. डोकं टेपने मोजून जागा ठरवायची. डाव्या कानाच्या वर-मागे किंवा कपाळाच्या दोन्ही बाजूंना. मग प्रवाह हळूहळू चढवायचा, वीस मिनिटं ठेवायचा, हळूहळू उतरवायचा. पेशंटला मुंग्या, खाज, थोडी जळजळ. पट्टा काढल्यावर कातडी जराशी लाल. मीठ कमी पडलं किंवा स्पंज वाळला तर मात्र कातडी भाजू शकते.

१४. गोळी नाही, ढकलणी

ही वीज मेंदूतल्या पेशींना पेटवत नाही. पेशी आधीच पेटण्याच्या उंबरठ्यापाशी असतात, त्यांना ती किंचित पुढे किंवा मागे ढकलते. ढोबळमानाने धन टोकाखाली पेशी उत्साही होतात आणि ऋण टोकाखाली सुस्तावतात. २००० साली जर्मनीतल्या गटिंगन इथे मिखाएल नित्शे आणि वाल्टर पाउलुस यांनी हे हातापायांना हालवणाऱ्या केंद्रावर दाखवून दिलं आणि साठच्या दशकानंतर धूळ खात पडलेली ही पद्धत पुन्हा प्रयोगशाळेत आली. पुढच्या वर्षी त्यांनी दाखवलं की नऊ ते तेरा मिनिटं वीज दिली तर परिणाम वीज बंद केल्यावरही दीड तासापर्यंत टिकू शकतो. कान वाजणाऱ्यांच्या डॉक्टरांचे कान टवकारले ते इथे.

१५. तीन-चतुर्थांश वीज वाटेतच गुल

आता उत्साहावर थोडं पाणी टाकतो. न्यूयॉर्कच्या ग्योर्गी बुझाकी यांच्या गटाने मृतदेहांवर मोजमाप करून २०१८ मध्ये प्रसिद्ध केलं की वरून लावलेल्या विजेचा सुमारे ७५ टक्के भाग कातडी, मांस आणि कवटी यांतच खर्ची पडतो. उरलेली मेंदूपर्यंत पोचते, तीही पसरून. त्यामुळे ‘डाव्या बाजूच्या अमुक केंद्राला वीज दिली’ हे वाक्य कागदावर जितकं नेमकं दिसतं तितकं ते डोक्यात नसतं. म्हणून आता मधे एक आणि भोवती चार अशा लहान इलेक्ट्रोडची मांडणी वापरून वीज एका जागी एकवटायचे प्रयत्न होतात.

१६. तीस सेकंदांची फसवणूक

गोळीच्या चाचणीत काहींना साखरेची गोळी देतात. विजेच्या चाचणीत काय द्यायचं? सोपं आहे. प्रवाह चढवायचा, अर्ध्या मिनिटात गुपचूप बंद करायचा आणि पट्टा वीस मिनिटं तसाच ठेवायचा. मुंग्या सुरुवातीलाच येतात आणि लवकरच कमी होतात, त्यामुळे खरी वीज चालू आहे की नाही हे बहुतेकांना कळतच नाही. टिनिटसमध्ये ही खबरदारी फार मोलाची. आवाज किती, हे पेशंटच सांगणार. आणि ‘मला काहीतरी इलाज मिळतोय’ या दिलाशानेही आवाज कमी वाटू शकतो.

१७. आकडे काय बोलतात?

२००६ मध्ये फेलिपे फ्रेग्नी यांच्या गटाने फक्त ७ पेशंटांवर पाहिलं, तर धन टोक डाव्या कानशिलामागे ठेवल्यावर काहींचा आवाज तात्पुरता घटला. २०१० मध्ये बेल्जियममधल्या अँटवर्पच्या स्वेन व्हानेस्टे आणि डर्क डी रिडर यांनी शेकडो पेशंटांच्या कपाळावर वीज लावली. उजवीकडे धन आणि डावीकडे ऋण ठेवल्यावर जवळजवळ ३० टक्के लोकांना फरक पडला. २०१२ मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र केले, तेव्हा ३९.५ टक्के लोकांना गुण दिसला आणि आवाज कमी झाला सरासरी १३.५ टक्के. दहापैकी चौघांना फरक, तोही शिट्टीची फुंकर होईल इतका नव्हे.

मात्रेचा शोध न्यूझीलंडमध्ये लागला. ऑकलंड विद्यापीठात गिरिराजसिंह शेखावत आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये २५ जणांवर वेगवेगळे प्रवाह आणि वेळा ताडून पाहिल्या. २ मिलिअँपिअर आणि २० मिनिटं ही जोडी सरस ठरली. पुढे त्यांनीच श्रवणयंत्राआधी वीज देऊन पाहिली. श्रवणयंत्राने फरक पडला, विजेने त्यात विशेष भर घातली नाही. यंत्राच्या पेटीपुढे कानामागचं साधं यंत्र भारी पडलं.

१८. चुंबकवाले भाऊबंद

कवटीला हात न लावता मेंदूत वीज निर्माण करायची दुसरी वाट चुंबकाची. १८९६ मध्ये फ्रान्सच्या आर्सेन दार्सोनव्हालने मोठ्या वेटोळ्यात डोकं घातलं, तेव्हा डोळ्यांपुढे प्रकाश चमकला. नेमकं यंत्र आलं १९८५ मध्ये, इंग्लंडमधल्या शेफील्डच्या अँथनी बार्कर यांचं. या टीएमएस पद्धतीत पेशी नुसत्या ढकलल्या जात नाहीत, खरोखर पेटतात.

विनोद असा की ते वेटोळं प्रत्येक ठोक्याला खाडकन वाजतं, इतकं की कान वाजणाऱ्या पेशंटला आधी कानात बोळे घालावे लागतात! निकालही तसेच उलटसुलट. २०१५ च्या अमेरिकी चाचणीत खरे ठोके मिळालेल्या ३२ जणांपैकी १८ जणांना गुण आला, खोट्या ठोक्यांच्या ३२ जणांपैकी ७ जणांना. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दोन वर्षांनी जर्मनीत अनेक केंद्रांवर मोठी चाचणी झाली, त्यात खऱ्या-खोट्यात फरकच निघाला नाही. टाळ्या थांबल्या.

१९. शेजारचा पत्ता, वेगळं दुखणं

स्किझोफ्रेनियात काहींना कुणीतरी बोलत असल्याचे भास होतात. टिनिटसमध्ये शब्द नसतात, नुसता आवाज असतो. पण वीज लावायची जागा जवळजवळ तीच, डाव्या कानाच्या वर-मागे. फ्रान्समधल्या लिओंच्या गटाने २०१२ मध्ये तिथे ऋण टोक ठेवून भास कमी झाल्याचं दाखवलं. आपल्याकडे बेंगळुरूच्या निम्हान्समध्येही या भासांवर टीडीसीएसचं बरंच काम झालं आहे. बाहेर नसलेलं ऐकणारी दोन दुखणी, एकाच स्पंजाच्या दाराशी!

२०. जिभेवर वीज, कानात संगीत

आता सहाव्या मुद्द्यातलं नातं आठवा. नुसत्या आवाजाऐवजी आवाज आणि विजेचा स्पर्श एकत्र दिला तर? डब्लिनच्या न्यूरोमॉड कंपनीचं लेनायर हे उपकरण हेच करतं. कानात हेडफोनवर आवाज आणि जिभेच्या टोकावर ३२ बारीक इलेक्ट्रोडची गुदगुल्या करणारी वीज. रोज तासभरापर्यंत, बारा आठवडे. ३२६ लोकांवरच्या चाचणीचे निकाल २०२० मध्ये आले आणि मार्च २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने त्याला परवानगी दिली.

मिशिगन विद्यापीठाच्या सुसान शोर यांनी जिभेऐवजी गाल आणि मान निवडली आणि आवाजाशी विजेचं टायमिंग मिलिसेकंदांत जुळवलं. २०२३ मध्ये ९९ जणांवरची त्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात केवळ आवाज ऐकवण्यापेक्षा ही जोडी सरस ठरली. म्हणजे या शर्यतीत सध्या पुढे आहे ती कवटीवरची वीज नाही, जिभेवरची आणि मानेवरची आहे.

२१. नऊ व्होल्टचा मोह

टीडीसीएसचं तत्त्व इतकं सोपं आहे की इंटरनेटवर नऊ व्होल्टची बॅटरी, वायर आणि स्पंज घेऊन घरीच यंत्र बनवणाऱ्यांची जमातच तयार झाली. २०१३ मध्ये तर गेमिंग करणाऱ्यांसाठी तयार हेडसेट बाजारात आला. शेवटी २०१६ मध्ये ३९ संशोधकांनी मिळून घरगुती प्रयोगवीरांना खुलं पत्र लिहिलं. वीज फक्त स्पंजाखालीच थांबत नाही. थोडी मात्रा किंवा वेळ बदलली तर परिणाम उलटाही होऊ शकतो. एक क्षमता वाढवताना दुसरी घटू शकते. आणि एकाला लागू पडलेलं दुसऱ्याला पडेलच असं नाही. ज्यांना फिट्स येतात, ज्यांच्या डोक्यात धातूचं काही बसवलेलं आहे किंवा ज्यांना पेसमेकर आहे, त्यांनी तर या वाटेला जाऊच नये.

२२. मग आज काय करायचं?

अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचना चुंबकाचे ठोके नेहमीचा उपचार म्हणून देऊ नका असं सांगतात. जिंको या वनस्पतीच्या, झिंकच्या आणि मेलाटोनिनच्या गोळ्यांवरही त्यांनी फुली मारली आहे. शिफारस आहे ती ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राची आणि विचारांची सवय बदलणाऱ्या सीबीटी समुपदेशनाची. २८ अभ्यास आणि २७३३ रुग्णांचा आढावा घेणाऱ्या २०२० च्या कॉक्रेन अहवालात सीबीटीने त्रास कमी होतो असं दिसलं. आवाज तोच राहतो, पण तो डोक्यावर बसणं सोडतो. रात्री पंखा किंवा हळू संगीत चालू ठेवणं हा स्वस्तातला आधार. कान पूर्ण शांत ठेवायच्या नादात चोवीस तास बोळे घालून बसू नका, त्याने आवाज उलट ठळक होतो.

काही खुणा मात्र अंगावर काढायच्या नाहीत. एकाच कानात आवाज, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडणारा आवाज, सोबत चक्कर किंवा अचानक ऐकू येईनासं होणं, यातलं काही दिसलं तर लगेच कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा आणि ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. अचानक बहिरेपण आलं तर पहिले काही दिवसच उपचाराच्या हातात असतात. नाडीबरोबरचा आवाज कधीकधी डॉक्टरांनाही स्टेथोस्कोपने ऐकू येतो आणि त्याचं कारण रक्तवाहिनीत सापडू शकतं.

आणि नवा त्रास ओढवून घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्येच इशारा दिला होता की मोठ्या आवाजात ऐकण्यामुळे जगातल्या ११० कोटी तरुणांचे कान धोक्यात आहेत. इयरफोन साठ टक्क्यांच्या वर चढवू नका. ढोल-ताशाच्या पथकात वाजवत असाल तर कानात बोळे घालूनच उतरा. डीजेच्या भिंतीसमोर नाचायची हौस असेल तर निदान भिंतीला चिकटून नाचू नका.

विजेबद्दलचा आजचा निवाडा इतकाच. कल्पना खरी आहे, तिला शास्त्राचा पाया आहे, काहींना फरक पडतो. पण पक्का, टिकाऊ, सगळ्यांना लागू असा उपचार म्हणून कवटीवरची वीज अजून पास झालेली नाही. एखाद्या रुग्णालयात रीतसर चाचणी चालू असेल आणि तुमचे डॉक्टर म्हणाले तर खुशाल भाग घ्या. ‘दहा सिटिंगमध्ये कानातला आवाज कायमचा बंद’ अशी जाहिरात दिसली तर पैसे खिशातच ठेवा. आणि नऊ व्होल्टची बॅटरी खेळण्यातच शोभते, ती तिथेच राहू द्या.